सेमिनरीतील शिक्षण आणि आपण : बायबल व ईशज्ञान कोणासाठी?

काही महिन्यांपूर्वी पनवेल परिसरातील एका धर्मग्रामात धर्मशिक्षकांच्या मेळाव्यास जाण्याचा योग आला. मेळावा आटोपला, चहापान झाले, मंडळी पांगू लागली. तेव्हा रविवारच्या वर्गात नववी-दहावीच्या मुलांना शिकवणाऱ्या एक शिक्षिका आमच्यापाशी थांबल्या. त्या म्हणाल्या, “फादर, गेल्या रविवारी एका मुलाने मला दोन प्रश्न विचारले. शाळेत विज्ञानाच्या बाई सांगतात की पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे, मग बायबलमध्ये सहा दिवस कसे? आणि शेजारच्या मित्राच्या बायबलमध्ये सहासष्ट पुस्तके आहेत, आपल्या बायबलमध्ये त्र्याहत्तर. जास्तीची आपण घातली की त्यांनी काढली? मी त्याला म्हटले, पुढच्या रविवारी सांगते. तो पुढचा रविवार परवावर आला आहे. तुम्ही हे सगळे सेमिनरीत शिकता. आम्हांला कोण शिकवणार?”

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही उभ्या उभ्या दिली. तिसरा प्रश्न मात्र आम्ही सोबत घेऊन परतलो. हा लेख म्हणजे त्या तिसऱ्या प्रश्नाला दिलेले थोडे सविस्तर उत्तर होय. प्रश्न एका शिक्षिकेचा असला तरी तो आपल्या सर्वांचा आहे. ज्या मुलाला उत्तर मिळत नाही, ते मूल हळूहळू प्रश्न विचारणे थांबवते आणि काही वर्षांनी मिस्साला येणेही थांबवते. असे तरुण आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांची श्रद्धा कोणी हिरावून घेतलेली नसते. वयाबरोबर त्यांची बुद्धी वाढत गेली, पण श्रद्धेची समज पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या वयाचीच राहिली, एवढेच घडलेले असते.

सेमिनरी म्हणजे काय?

‘सेमिनरी’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ रोपे तयार करण्याची जागा असा आहे. रायगड जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यापूर्वी तो राब भाजतो, त्यात भाताचे बी पेरतो, रोप हातभर वाढले की ते उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतो. राबात कोणी पीक काढत नाही. पण राब चांगला नसेल तर पीकही चांगले येत नाही. सेमिनरी हा ख्रिस्तसभेचा राब आहे.

पूर्वी धर्मगुरूंच्या शिक्षणाची सर्वत्र सारखी अशी व्यवस्था नव्हती. कोणी विद्यापीठात शिकत, तर कोणी एखाद्या वृद्ध धर्मगुरूच्या हाताखाली प्रार्थना आणि विधी तेवढे शिकून दीक्षा घेत. यातून अनेक ठिकाणी अज्ञान माजले. म्हणून ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी असा निर्णय घेतला की प्रत्येक धर्मप्रांताने भावी धर्मगुरूंच्या घडणीसाठी स्वतःची शिक्षणसंस्था उभारावी. आजची सेमिनरी ही त्या निर्णयाचे फळ आहे.

आज कोणी तरुण सेमिनरीत दाखल झाला की प्रथम त्याला पूर्वतयारीचा काळ दिला जातो. या काळात प्रार्थना, भाषा आणि स्वतःची ओळख यांवर भर असतो. त्यानंतर तत्त्वज्ञानाचा आणि मग ईशज्ञानाचा, म्हणजे ज्याला आपण थिऑलॉजी म्हणतो त्याचा, अभ्यास सुरू होतो. १९८३ च्या कॅनन लॉनुसार या दोन्ही विषयांना मिळून किमान सहा पूर्ण वर्षे द्यावी लागतात : दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईशज्ञान. पूर्वतयारी आणि मधला प्रत्यक्ष सेवेचा काळ धरला तर दीक्षाविधीपर्यंत आठ-नऊ वर्षे सहज जातात.

“देवाविषयी शिकायचे तर आधी तत्त्वज्ञान कशाला?” असे आम्हांला नेहमी विचारले जाते. तत्त्वज्ञान हे विचार करण्याचे शिक्षण आहे. सत्य म्हणजे काय, माणसाला स्वातंत्र्य आहे का, दुःख का आहे, हे प्रश्न ख्रिस्ती माणसाचेच नाहीत. ते पनवेल स्थानकावर लोकलची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाचे आहेत. ते नीट ऐकून घेण्याची सवय लागली नाही तर पुढे दिलेली उत्तरे पोपटपंची ठरतात. म्हणूनच आपल्या देशातील सेमिनऱ्यांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाबरोबर भारतीय दर्शनेही शिकवली जातात.

ईशज्ञानाच्या वर्षांत बायबल, ख्रिस्तविषयक शिकवण, पवित्र त्रैक्य, ख्रिस्तसभा, साक्रामेंत, नीतिशास्त्र, उपासना, ख्रिस्तसभेचा इतिहास, कॅनन लॉ असे अनेक विषय असतात. परंतु या सर्वांचा प्राण पवित्र शास्त्राचा अभ्यास हाच असावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ईश्वरी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले. बायबल हा पंधरा विषयांतला एक विषय नव्हे. उरलेले सारे विषय ज्या झऱ्याचे पाणी पितात तो झरा आहे.

तेथे बायबल कसे शिकवतात?

सेमिनरीत बायबल पाठ करून घेतात, असा काहींचा समज आहे. प्रत्यक्षात तेथे वाचायला शिकवतात. मूळ लेखक कोण, तो कोणत्या काळात, कोणासाठी लिहीत होता, त्याने कोणता साहित्यप्रकार निवडला, हे आधी पाहावे लागते. त्यानंतर तो उतारा संपूर्ण बायबलच्या संदर्भात आणि ख्रिस्तसभेच्या जिवंत परंपरेच्या प्रकाशात वाचायचा असतो. पोप पायस बारावे यांनी ३० सप्टेंबर १९४३ च्या आपल्या विश्वपत्रात या अभ्यासपद्धतीला मोकळी वाट करून दिली आणि व्हॅटिकन परिषदेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

त्या मुलाचा पहिला प्रश्न या पद्धतीने पाहू या. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची रचना लक्षपूर्वक वाचली तर त्यात एक ठेका आढळतो : देव बोलतो, तसे घडते, देवाला ते चांगले दिसते, संध्याकाळ होते, सकाळ होते. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढील तीन दिवसांत त्या भरल्या जातात. प्रकाश पहिल्या दिवशी येतो, सूर्य मात्र चौथ्या दिवशी! लेखकाला भूगर्भशास्त्राचा पाठ द्यायचा असता तर त्याने असे लिहिले नसते. भोवतालचे लोक सूर्याला आणि चंद्राला देव मानत होते. लेखक सांगतो की ते देवाने लावलेले दिवे आहेत. सारी सृष्टी एका देवाची आहे, ती चांगली आहे आणि माणूस त्याच्या प्रतिरूपाचा आहे, हे सत्य तो उपासनेच्या गीतासारख्या भाषेत मांडतो. पृथ्वीचे वय किती, हे शोधण्याचे काम देवाने दिलेल्या बुद्धीने विज्ञान करते. विश्व प्रसरण पावत आहे, असा सिद्धान्त १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, हे त्या मुलाला आणि त्याच्या विज्ञानाच्या बाईंनाही आवर्जून सांगावे.

आता दुसरा प्रश्न. ख्रिस्तपूर्व काळात पॅलेस्टाइनबाहेर राहणाऱ्या यहुदी समाजात ग्रीक भाषेतील जुना करार वापरात होता. त्यात तोबीत, युदीथ, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके अशी सात पुस्तके, तसेच एस्तेर व दानिएल या पुस्तकांतील काही अधिक भाग होता. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हाच ग्रीक जुना करार वापरला. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे ३९३ मध्ये आणि कार्थेज येथे ३९७ मध्ये भरलेल्या धर्मसभांच्या यादीत ही पुस्तके होती. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी यहुदी लोकांची हिब्रू यादी प्रमाण मानली. मार्टिन ल्यूथर यांच्या १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके होती. पण ती वेगळी काढून, वाचण्यास उपयुक्त म्हणून छापली होती. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये जुनी व्यापक यादी निश्चित केली. म्हणून आपला जुना करार ४६ पुस्तकांचा आणि आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींचा ३९ पुस्तकांचा. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचाच. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. हे ठाऊक असलेला मुलगा मित्राशी भांडत नाही, मित्राबरोबर वाचत बसतो.

हिब्रू जुन्या कराराचा विषय निघालाच आहे, तर पनवेलकरांना त्यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. आपल्या पनवेल शहरात बेने इस्राएल समाजाचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर १८४९ पासून उभे आहे. त्या नावाचा अर्थ ‘देवाचे घर’. याकोबाने जेथे स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी स्वप्नात पाहिली, त्या जागेला त्याने दिलेले हे नाव. मराठी बोलणारी, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही मंडळी आपल्या जुन्या कराराचे पहिले वारसदार आहेत. या समाजाला हिब्रू शिकता यावे म्हणून स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण चक्क मराठीतून प्रसिद्ध केले होते. पवित्र शास्त्राचा सखोल अभ्यास मराठीतून होऊ शकतो, हा विचार आपल्या भूमीत जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे.

पनवेलहून निघणाऱ्या तीन वाटा

पनवेल हे जंक्शन आहे. येथून निघणाऱ्या तीन वाटा तीन मोठ्या सेमिनऱ्यांकडे जातात, हे आपल्या फारसे लक्षात येत नाही.

पहिली वाट मुंबईकडे जाते. पनवेल हे मुंबई महाधर्मप्रांताच्या हद्दीत येते आणि या महाधर्मप्रांताची सेमिनरी म्हणजे गोरेगाव पूर्व येथील सेंट पायस टेन्थ कॉलेज. पनवेलहून गोरेगावला थेट लोकल गाड्याही आहेत. आपल्या वेदीवर मिस्सा अर्पण करणाऱ्या अनेक धर्मगुरूंनी येथेच शिक्षण घेतले.

दुसरी वाट कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुण्याला जाते. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे भारतीय उपखंडासाठी पेपल सेमिनरी स्थापन केली. भारताचे धर्मगुरू भारताच्याच भूमीतून घडले पाहिजेत, ही त्यामागील त्यांची तळमळ होती. ही सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. नगर रस्त्यावरील रामवाडी येथे तिच्याजवळच ज्ञानदीप विद्यापीठ आहे. तेथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान या विषयांत ख्रिस्तसभेची मान्यता असलेल्या पदव्या दिल्या जातात. विविध धर्मप्रांतांचे सेमिनेरियन, अनेक व्रतस्थ संघांचे बंधू आणि भगिनी तेथे शिकतात. प्रापंचिकांनाही तेथील दार बंद नाही. ज्ञानदीप विद्यापीठाने १९८७ मध्ये एक महत्त्वाचा ग्रंथ प्रकाशित केला. विषय होता संत तुकारामांचा ईश्वरानुभव आणि लेखक होते फादर थॉमस डाबरे, जे पुढे १९९८ मध्ये वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले. देहूच्या वाण्याचे अभंग आणि ईशज्ञान यांची सोयरीक जुळवणारे काम एका वसईकर मराठी धर्मगुरूने करावे, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

तिसरी वाट कोकण रेल्वेची. पनवेलला गाडीत बसले की सकाळी मडगाव येते आणि मडगावपासून थोड्याच अंतरावर राशोलची सेमिनरी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे येशूसंघीयांचे महाविद्यालय होते आणि छापखानाही होता. त्या छापखान्यातून १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ बाहेर पडले.

श्रद्धा मराठीत, शिक्षण इंग्रजीत

फादर स्टीफन्स इंग्लंडमध्ये जन्मले, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपाशी आपल्या भाषेत वाचण्यासारखे, गाण्यासारखे काही उरले नाही, ही उणीव त्यांना जाणवली. म्हणून त्यांनी जुन्या आणि नव्या कराराची कथा मराठी ओवीत बांधली. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या त्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापला गेला. प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी तो १९५६ मध्ये देवनागरीत आणला. या विद्वान धर्मगुरूने आपले सारे ईशज्ञान लॅटिनमध्ये शिकले होते. ते त्यांनी लॅटिनमध्येच ठेवले असते तर सासष्टीच्या शेतकऱ्याला त्याचा काय लाभ झाला असता?

आज हीच अडचण दुसऱ्या रूपाने आपल्यासमोर आहे. गोरेगाव असो वा पुणे, सेमिनरीतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. देशभरातून विद्यार्थी येतात, त्यामुळे ते अपरिहार्यही आहे. परंतु त्याचा परिणाम आम्ही स्वतः अनुभवला आहे. दीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षी एका खेड्यातील मिस्सामध्ये आम्ही ‘तारण’ या विषयावर प्रवचन केले. इंग्रजी टिपणांतून उतरवलेले ते प्रवचन आमच्या मते उत्तम झाले होते. मिस्सानंतर एका आजोबांनी विचारले, “फादर, बँकेत दागिने ठेवतात ते तारण, तसेच का हे?” लोक हसले, आम्हीही हसलो. पण घरी परतल्यावर आमच्या लक्षात आले की आम्ही सहा वर्षे शिकलेला विषय आमच्याच मातृभाषेत आम्हांला सांगता आला नव्हता. दोष आजोबांचा नव्हता. त्यांच्या गावात ‘सोनेतारण कर्ज’ अशीच पाटी होती. संकटातून तारून नेणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ उलगडून दाखवण्याचे काम आमचे होते.

असाच दुसरा शब्द ‘अवतार’. देवाचा पुत्र मानव झाला, हे सांगताना हा शब्द सहज ओठांवर येतो आणि स्टीफन्स यांच्या काळापासून मराठी ख्रिस्ती लेखनात तो डोकावतोही. परंतु आपल्या समाजात अवतार अनेक असतात आणि कार्य संपले की ते निजधामास जातात. ख्रिस्ताचे मानव होणे मात्र एकदाच आणि कायमचे आहे. पुनरुत्थानानंतरही तो मानवच आहे. म्हणून ‘देहधारण’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. उलट, ‘कृपा’ हा शब्द आपल्याला संतांनी किती समृद्ध करून दिला आहे! कमावता येत नाही, मागावी लागते आणि मिळाली की माणूस विरघळतो, असे कृपेचे स्वरूप मराठी माणसाला परके वाटत नाही. शब्दांची ही पारख करणे हेच मराठीतील ईशज्ञान. ते केवळ इंग्रजी पुस्तके भाषांतरित करून येणार नाही.

या बाबतीत आपल्यापुढे दोन थोर उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, सेमिनरीत शिकलेल्याही नव्हत्या. तरीही केडगावच्या मुक्ती मिशनचा सारा व्याप सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूघरी गेल्या; १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. दुसरे उदाहरण आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. सेमिनरीत घेतलेले शिक्षण त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून आणि ‘सुबोध बायबल’मधून मराठी घराघरांत पोहोचवले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांचे बायबल आपल्या कपाटात आहे. ते कपाटातच राहू नये, ही खरी श्रद्धांजली.

हा अभ्यास धर्मगुरूंपुरताच आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. “आम्हांला कोण शिकवणार?” असे विचारताना त्या शिक्षिकेच्या स्वरात थोडा संकोच होता, जणू त्या आपल्या अधिकाराबाहेरचे काही मागत होत्या. वस्तुतः ख्रिस्तसभेच्या कायद्याने तो अधिकार त्यांना दिलेला आहे. कॅनन लॉच्या २२९ व्या कलमानुसार प्रापंचिकांना आपल्या क्षमतेनुसार ख्रिस्ती शिकवणीचे ज्ञान मिळवण्याचा हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. ख्रिस्तसभेच्या विद्यापीठांत व संस्थांत वर्गांना बसण्याचा आणि पदव्या घेण्याचाही त्यांना हक्क आहे. योग्य ती पात्रता असल्यास ईशज्ञान शिकवण्याची अनुज्ञाही त्यांना मिळू शकते. हा हक्क स्नानसंस्काराने मिळतो, दीक्षेने नव्हे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी या दिशेने तीन महत्त्वाची पावले टाकली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी त्यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार हा देवशब्दाचा रविवार म्हणून पाळण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदे स्त्रियांनाही अधिकृतपणे खुली केली. त्याच वर्षी १० मे रोजी धर्मशिक्षकाचे अधिकृत सेवापद स्थापन केले आणि त्यासाठी बायबल, ईशज्ञान व अध्यापन यांचे योग्य शिक्षण आवश्यक असल्याचे सांगितले. रविवारचा वर्ग घेणारी व्यक्ती म्हणजे ‘वेळ आहे म्हणून मदत करणारी बाई’ नव्हे. तिला ख्रिस्तसभेत सेवापद आहे. सेवापद आहे तर शिक्षणही हवे.

कोठून सुरुवात करावी?

ज्यांना कुटुंब आणि नोकरी सांभाळून शिकायचे आहे, त्यांनी लगेच पदवीच्या मागे लागू नये. पहिली पायरी घरातील बायबल. रविवारच्या मिस्सातील तीन वाचने आदल्या दिवशी वाचावीत. तीन वर्षांच्या वाचनचक्रात मत्तय, मार्क आणि लूक ही शुभवर्तमाने क्रमाने येतात आणि योहान विशेष काळांत भेटतो. उताऱ्याखालील टिपा आणि प्रस्तावना वगळू नयेत. सेमिनरीतील पहिला धडा बहुधा त्यांतच दडलेला असतो. जोडीला १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ ठेवावा.

दुसरी पायरी लहान गट. एकट्याने वाचताना माणूस आपलेच मत बायबलमध्ये शोधू लागतो. चार जण बसले की एकमेकांची चूक सावरली जाते. तिसरी पायरी औपचारिक अभ्यासक्रम. प्रापंचिकांसाठी चालणाऱ्या वर्गांची चौकशी आपल्या प्रमुख धर्मगुरूंकडे किंवा थेट सेमिनरीच्या कार्यालयात करावी. शुल्क, कालावधी, माध्यम आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र कोणत्या दर्जाचे, हे चारही प्रश्न निःसंकोच विचारावेत.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. अलीकडे मोबाइलवर ‘चार महिन्यांत बायबल पदवी’, ‘सहा महिन्यांत डॉक्टरेट’ अशा जाहिराती येतात. ज्या विषयाच्या पहिल्या पदवीसाठी ख्रिस्तसभा वर्षेच्या वर्षे मागते, त्यातील डॉक्टरेट सहा महिन्यांत मिळत असेल तर ते ज्ञान नसून कागद आहे. प्रवेशापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. या संस्थेला मान्यता कोणाची? शिकवणारे स्वतः कोठे शिकले? आणि प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे उत्तर मिळते की त्याच्या श्रद्धेवरच संशय घेतला जातो? संपूर्ण संदर्भ सोडून एकच वचन हातात घ्यायचे आणि त्याने इतरांना झोडपायचे, ही पद्धत जेथे शिकवली जाते तेथून दूर राहिलेले बरे. व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने १९९३ च्या आपल्या दस्तऐवजात अशा शब्दशः वाचनाच्या धोक्याविषयी स्पष्ट शब्दांत सावध केले आहे.

याचा अर्थ अन्य पंथीयांचा अभ्यास कमी प्रतीचा, असा मुळीच नाही. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार १८२७ पासून आहे. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरीतही गांभीर्याने अध्ययन चालते. त्यांच्या विद्वानांची पुस्तके आमच्या सेमिनरीच्या ग्रंथालयातही होती आणि आम्ही त्यांतून पुष्कळ शिकलो.

धर्मग्रामाची जबाबदारी

शेवटी एक विनंती आमच्या धर्मग्राम परिषदांना. फेस्ताच्या मंडपावर, रोषणाईवर आणि बँडवर आपण आनंदाने खर्च करतो. तो करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच हिशेबाच्या वहीत एक ओळ धर्मशिक्षकांच्या शिक्षणासाठी असावी. प्रत्येक धर्मग्रामाने दर वर्षी एका व्यक्तीला, शक्यतो मराठीतून शिकवणाऱ्या व्यक्तीला, बायबल आणि ईशज्ञान शिकण्यास पाठवावे. तिचा प्रवासखर्च आणि शुल्क धर्मग्रामाने उचलावे आणि परतल्यावर तिने जे शिकले ते मराठीत इतरांना शिकवावे. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर येथे घरे वाढत आहेत, भाषा मिसळत आहेत. मराठी भाविकांच्या मुलांनी इंग्रजीत प्रश्न विचारले तरी त्यांच्या आजीला कळेल अशा भाषेत उत्तर देणारे कोणीतरी प्रत्येक धर्मग्रामात हवे. पाच वर्षांत असे पाच जण तयार झाले तर त्या धर्मग्रामाचे रूप पालटेल.

प्रेषितांच्या कृत्यांत एका इथिओपियन अधिकाऱ्याची गोष्ट आहे. यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर तो रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता. फिलिप धावत जवळ गेला आणि त्याने विचारले की वाचतोस ते तुला कळते का? कोणी वाट दाखवल्यावाचून कसे कळणार, असे म्हणून त्या अधिकाऱ्याने त्याला रथात शेजारी बसवून घेतले. त्या मोठ्या अधिकाऱ्याला आपल्याला कळत नाही हे सांगण्याची लाज वाटली नाही आणि फिलिपला परक्याच्या रथात चढण्याचा संकोच वाटला नाही. तो अधिकारी पुढे स्नानसंस्कार घेऊन आनंदाने आपल्या वाटेने गेला.

पनवेलच्या त्या शिक्षिकेने “मला कळत नाही” असे म्हटले, तेव्हाच तिचे अध्ययन सुरू झाले होते. त्या मुलाला तिने पुढच्या रविवारी दोन्ही उत्तरे दिली. तिच्या निरोपात पुढे एवढेच होते, “फादर, आता त्याचा तिसरा प्रश्न आला आहे.” प्रिय भाविकहो, हा तिसरा प्रश्न आपल्या धर्मग्रामात येईल तेव्हा रथात चढून शेजारी बसायला आपल्यापैकी कोण तयार असेल? पवित्र आत्मा आपणांस त्यासाठी बुद्धी आणि चिकाटी देवो, ही प्रार्थना.